'गेलीसच कशाला?'

रात्री बाहेर जाणाऱ्या मुलींसाठीचं एक पत्रक परवा माझ्या हाती आलं. ग्लास नजरेआड करू नका. अनोळखी माणसाकडून पेय घेऊ नका. एकट्या जाऊ नका. सूचना चूक नाहीत, माझ्या भाचीला मीही त्या सांगते. पण अख्ख्या पत्रकात पुरुषासाठी एकही ओळ नव्हती. जणू गुंगीचं औषध ग्लासात आपोआप पडतं!

आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली होती. पेय हातात देणारा अनोळखी नव्हता, रोज शेजारी बसून काम करणारा होता. सकाळी जाग आली तेव्हा मधले तास कोरे. आई म्हणाली, 'गेलीसच कशाला?' पोलीस ठाण्यात विचारलं, 'किती प्यायली होतीस?' रुग्णालयात सांगितलं, 'आधी पोलिसांचं पत्र आणा.' लघवीचा नमुना घेतला गेला तो दुसऱ्या दिवशी रात्री. अहवाल आला : काही आढळलं नाही.

आढळणार कसं? जीएचबीसारखं औषध साधारण १२ तासांत लघवीतूनही नाहीसं होतं. पुष्कळदा तर वेगळं औषध लागतच नाही, न सांगता मिसळलेली दारूच पुरते. तिचाही माग फार काळ राहत नाही. म्हणजे 'गेलीसच कशाला' हा प्रश्न नुसता अपमान करत नाही, पुरावाही धुऊन टाकतो. गुन्हेगाराला हवा असलेला वेळ आपणच त्याला मिळवून देतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. गुन्ह्याच्या हेतूनं गुंगीचा पदार्थ देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नशेमुळे काय चाललंय हेच न समजणाऱ्या बाईचा होकार ही संमती नव्हे, मग ती स्वतःहून प्यायलेली का असेना. अत्याचारग्रस्त बाईवर खासगी रुग्णालयानंही ताबडतोब मोफत उपचार करायचे आहेत. तपासणीसाठी पोलिसांच्या पत्राची गरज नाही, हे केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते.

तेव्हा नवं पत्रक आपणच काढू या. पहिली ओळ त्याच्यासाठी : दुसऱ्याच्या पेयात गुपचूप काही मिसळणं ही गंमत नाही, गुन्हा आहे. पुढच्या ओळी आपल्यासाठी : मैत्रीण अचानक झेपाळली, तर तिला एकटी सोडू नका, कुणा 'ओळखीच्या'बरोबर घरी धाडू नका. लगेच रुग्णालयात न्या. लघवी थांबवता आली नाही तर स्वच्छ बाटलीत धरून ठेवा. आणि ती का गेली होती, हे तिला कुणीही विचारू नका.