बॅटीआधी हेल्मेट

१९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, त्या हेल्मेटविना. यावरून साधने गौण आणि जिगरच महत्त्वाची, असा निष्कर्ष काढणारे थोडेथोडके नाहीत. परंतु १९६२ साली बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली आणि त्यानंतर ते एकही कसोटी खेळू शकले नाहीत, याचा या मंडळींना विसर पडतो. अपवादाचा नियम करता येत नाही.

इंग्लिश विलोची महागडी बॅट हाती आली म्हणून कोणी फलंदाज होत नाही, हे खरे. मात्र चेंडू लागेल या धास्तीने ज्याचा पाय स्क्वेअर लेगकडे सरकतो, त्याचे तंत्र घडणार तरी कसे? भरवशाचे हेल्मेट, पॅड व हातमोजे शिकण्याच्या आड येणारी ही भीती दूर करतात. भांडवलाचे कार्य याहून वेगळे नसते. साहजिकच ज्या घराला हा खर्च झेपतो, त्या घरचेच मूल निर्धास्तपणे पाय पुढे टाकते. तेव्हा शाळा, क्लब व क्रिकेट संघटनांनी चषक आणि सत्कारांवर खर्च करण्यापूर्वी लहानमोठ्या मापांची संरक्षक साधने प्रत्येक मैदानावर उपलब्ध करून द्यावीत. अन्यथा गुणांच्या नावाखाली ऐपतीचीच निवड होत राहील.