पदकांची थकबाकी

रणांगणावर देह ठेवलेल्या सैनिकाचे नाव कोठे ना कोठे दगडावर कोरले जाते. ब्रह्मदेशातील रंगून स्मारकावर सुमारे २७ हजार नावे आहेत. एरिट्रियातील केरेन येथे हिंदी सैनिकांच्या दहनभूमीचे स्मारक आहे. आपल्या पुण्याजवळ खडकीलाही युद्धस्मारक आहे. परंतु जो सैनिक रणांगणावरून परत आला, शेतीवाडीला लागला, सावकाराचे देणे फेडीत आणि मुलींची लग्ने करीत म्हातारा झाला आणि अखेर आपल्याच घरी अंथरुणावर वारला, त्याचे नाव पलटणीच्या दफ्तरातील एखाद्या नोंदवहीखेरीज सहसा कोठेही शिल्लक राहत नाही; आणि त्या नोंदवहीपर्यंत पोचण्याची वाट त्याच्या मुलाबाळांसाठी इतकी बिकट करून ठेवलेली आहे की, वडिलांनी हक्काने मिळवलेले आणि त्यांच्या हयातीत कधीच हाती न पडलेले पदक मागावयास निघालेला मुलगा स्वतःच म्हातारा होऊन थकतो. या मुलांची बाजू मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लक्षांपर्यंत पोचली होती आणि ही सारी भरती स्वेच्छेची होती. त्यांतील सुमारे ८७ हजार कामास आले, बाकीचे परतले. आपल्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा या जिल्ह्यांत तर पलटणीत गेलेला माणूस नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि ‘मिलिटरी’ हा शब्द त्या गावाच्या नावाला कायमचा जोडला गेला. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले, धारातीर्थी पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. २०२३ मध्ये तेथील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने छायाघटिकेचे स्मारक उभारले, हे वाचून कोणाही मराठी माणसाचे अंतःकरण भरून येईल. पण घाडगे यांच्याच बटालियनमध्ये, त्याच डोंगरात, त्याच उन्हात जे लढले आणि वाचले, त्यांतील किती जणांच्या घरी इटलीच्या मोहिमेचे तारारूप पदक पोचले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पदकांचे दोन वर्ग आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयात पुष्कळ अन्याय घडत आला आहे. एक वर्ग शौर्यपदकांचा. तेथे कृत्याची पारख असते, वरिष्ठाची शिफारस असते, साक्षीदार असतात आणि अंतिम निर्णय देणाऱ्याच्या विवेकाला वाव असतो. दुसरा वर्ग मोहिमेच्या व सेवेच्या पदकांचा. तेथे कोणाच्या मर्जीचा संबंधच येत नाही. ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या अवधीत ज्याने २८ दिवस पूर्णवेळ सैनिकी सेवा केली तो ‘वॉर मेडल’ला पात्र, ११ डिसेंबर १९४१ नंतर जो ब्रह्मदेशच्या मोहिमेत उतरला तो ‘बर्मा स्टार’ला पात्र, ११ जून १९४३ नंतर जो इटलीच्या मोहिमेत होता तो ‘इटली स्टार’ला पात्र, आणि ज्याला आघाडी दिसलीच नाही, परंतु ज्याने हिंदुस्थानात राहून तीन वर्षे आपले काम चोख बजावले, तो १९४६ साली निर्माण झालेल्या ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ला पात्र. तारीख आणि ठिकाण यांचा मेळ बसला की हक्क सिद्ध झाला. असे पदक न देणे म्हणजे ठरलेला पगार थकविणे होय, आणि थकलेला पगार मागणाऱ्याला याचक लेखणे कोणत्याही सरकारला शोभत नाही.

मग ही पदके पोचली का नाहीत? त्यात कोणा एका माणसाचा दोष काढण्यात हशील नाही. ती मुख्यतः युद्ध संपल्यानंतर घडवली आणि वाटली गेली. तोपर्यंत लक्षावधी सैनिक सैन्यकपातीत डिसचार्ज घेऊन, चार पैशांची बक्षिसी पदरात पाडून, आपापल्या गावी परतले होते. १९४७ साली देशाबरोबर पलटणीही विभागल्या गेल्या, दफ्तरे इकडची तिकडे झाली, संस्थाने विलीन झाली. शिवाय तो काळ नव्या स्वातंत्र्याच्या उत्साहाचा होता. इंग्रजांच्या सैन्यात केलेली चाकरी मिरविण्याची ती वेळ नव्हती, आणि ज्या माणसाला टपालाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत होता त्याने आपणहून दिल्लीला अर्ज पाठवावा ही अपेक्षाच मुळी अवास्तव होती. बापाने मागितले नाही. मुलाला ठाऊक नव्हते. नातवाला माळ्यावरच्या ट्रंकेत डिसचार्जचे पिवळे पडलेले पुस्तक सापडले, त्यातील मोहिमांचा आणि पदकांचा रकाना त्याने वाचला, आणि मग घराला प्रथमच कळले की आपल्या म्हाताऱ्याचे सरकारकडे काही येणे आहे.

येथून पुढची वाट कशी आहे ते ज्यांनी तुडविली त्यांनाच ठाऊक. मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस असेल तर बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीला, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडला, महार रेजिमेंटचा असेल तर थेट मध्य प्रदेशात सागरला लिहावे लागते. आणि वडील नेमके कोणत्या दलात होते हेच जेथे माहीत नाही, तेथे अर्जाला आरंभच होत नाही. नंबर हाती असला तरी नाव जुळत नाही. भरतीच्या कारकुनाने आडनाव न घेता केवळ नाव आणि बापाचे नाव लिहिले. ते इंग्रजी अक्षरांत त्याला जसे ऐकू आले तसे उतरविले. आणि गाव, तालुका, जिल्हा ज्या नावांनी नोंदविले त्या नावांचे जिल्हे आज नकाशावरून नाहीसे झाले आहेत. कुलाब्याचा रायगड झाला, दक्षिण साताऱ्याचा सांगली झाला, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, आणि कित्येकांच्या नावापुढे तर फलटण, औंध किंवा सावंतवाडी संस्थान असे लिहिलेले असते. हे सारे फेरफार सरकारने केले. त्यांचा मेळ घालण्याचे ओझे मात्र अर्जदार वारसाच्या खांद्यावर, आणि मेळ बसला नाही की ‘नोंद आढळत नाही’ हा शेरा मारून प्रकरण दाखल दफ्तर होते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. सैन्याच्या नियमावलीप्रमाणे ज्याला पेन्शन लागू झालेले नाही अशा सैनिकाचे सेवापत्रक त्याच्या डिसचार्जनंतर २५ वर्षे जतन करून पुढे नष्ट करण्यात येते. मागे उरते ती ‘लाँग रोल’ या नावाची नोंदवही, जीत माणसाचा नंबर, नाव आणि सेवेचा त्रोटक गोषवारा तेवढा असतो. १९४६ साली घरी आलेल्या सैनिकाचे कागद या हिशेबाने १९७१ च्या सुमारास नाशाला पात्र झाले, आणि पेन्शनीत न बसलेले बहुसंख्य याच वर्गात मोडतात. ज्या सरकारने स्वतःच्या नियमाने पुरावा नष्ट केला तेच सरकार वारसाला पुरावा आणण्यास सांगते, या व्यवहाराचे समर्थन कोणत्या न्यायाने करावे हे आम्हांस कळत नाही. अमेरिकेत सेंट लुई येथील सैनिकी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागून सुमारे १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष फायली भस्मसात झाल्या. तेथील अधिकाऱ्यांनी आगीचे निमित्त पुढे करून दार लावून घेतले नाही. पगारपत्रके, रुग्णालयाचे कागद आणि तुकड्यांचे दैनिक अहवाल धुंडाळून एकेका सैनिकाची फाईल ते नव्याने उभी करतात आणि त्या आधारावर मृत सैनिकाच्या मुलांना पदके रवाना होतात. आमच्याकडेही बटालियनांच्या युद्धरोजनिशा आहेत, राजपत्रे आहेत, लाँग रोल आहेत. पलटण अमुक तारखेला अमुक आघाडीवर होती हे रोजनिशी सांगते, आणि माणूस त्या पलटणीत होता हे लाँग रोल सांगतो. एवढ्या दोन कागदांचा सांधा जुळविण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. लागते ती इच्छा.

हा प्रश्न केवळ जुन्या राजवटीच्या पदकांचा आहे असे समजून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. स्वतंत्र भारताने १९४७ च्या काश्मीर युद्धापासून जी पदके ठरविली, जनरल सर्व्हिस मेडलवरील गोवा १९६१ किंवा नेफा १९६२ या पट्ट्या, १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, त्यांचीही वाटणी वर्षानुवर्षे रेंगाळत आली आहे, आणि सेवेतल्या जवानानेच बाजारातून नक्कल पदक विकत घेऊन परेडला उभे राहावे हा प्रकार सैन्यात कोणाला नवा नाही. १९६५ साली लढलेला सैनिक आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्या पदकाची बाब आज निकालात निघाली नाही, तर थोड्याच वर्षांत ती बाब त्याच्या मुलांची होईल.

शौर्यपदकांच्या बाबतीत आमचे मत वेगळे आहे आणि ते आम्ही स्पष्ट सांगतो. पित्याविषयीची भक्ती हा शौर्याचा पुरावा होऊ शकत नाही. घटनेच्या काळातले लेखी आधार आणि साक्षी यांवाचून अशा मागण्या मान्य होऊ लागल्या तर ज्यांनी ती पदके रक्त सांडून मिळविली त्यांच्यावरच अन्याय होईल. परंतु कठोर तपास करणे वेगळे आणि मुदतीच्या सबबीवर तपासच नाकारणे वेगळे. पहिल्या महायुद्धातील अमेरिकन सार्जंट विल्यम शेमिन यांना ते यहुदी असल्यामुळे सर्वोच्च सन्मान नाकारला गेला, असे त्यांच्या कन्येचे म्हणणे होते. तिने वर्षानुवर्षे तगादा लावला, कायद्यात बदल झाला, जुने कागद पुन्हा तपासले गेले, आणि १९१८ च्या पराक्रमाचा सन्मान २०१५ साली त्यांच्या वृद्ध कन्यांच्या हाती देण्यात आला. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील टेडी शीन हा कोवळा खलाशी १९४२ साली बुडत्या जहाजावरून तोफ डागीत मरण पावला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो २०२० साली. त्या देशांनी उशीर झाल्याचे मान्य केले, म्हणून त्यांची प्रतिष्ठा उणावली नाही.

काही जण विचारतील की, माणूस गेल्यावर हे धातूचे तुकडे कशाला? तांबे-जस्ताच्या मिश्रणाचा तो तारा मोडीत घालून चहाचे पैसेही निघणार नाहीत, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असते. तो पैशासाठी येतच नाही. ज्याने युद्धाविषयी घरात कधी अवाक्षर काढले नाही, रात्री मध्येच उठून बसणाऱ्या ज्या बापाचा स्वभाव मुलांना कधी उमगला नाही, तो बाप पंचविशीच्या आत कोणत्या वाळवंटातून आणि कोणत्या अरण्यातून चालून आला होता, याची अधिकृत कबुली त्यांना हवी असते. ज्या समाजात वीरगळ गावाच्या वेशीवर उभे आहेत, त्या समाजाला ही भूक समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. सेवेच्या पदकांना मुदतीची कोणतीही अट लागू नाही, असा निःसंदिग्ध हुकूम संरक्षण मंत्रालयाने काढावा. सर्व रेकॉर्ड ऑफिसांतील लाँग रोल छायांकित करून, आजच्या जिल्हा-तालुक्यांशी त्यांचा मेळ घालून, न दिलेल्या पदकांच्या याद्या गाववार प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे वारसाने सरकारला शोधण्याऐवजी सरकार वारसाला शोधील. खातेदार मयत झाल्यावर सात-बारावर वारसांची नोंद लावण्याची यंत्रणा ज्या राज्यात गावोगाव आहे, तेथे हे अशक्य म्हणता येणार नाही. अनेक भावंडांत पदक कोणाकडे जावे याचा क्रम, प्रथम पत्नी, नंतर ज्येष्ठ अपत्य, असा एकदाच ठरवून टाकावा. महायुद्धाचे तारे ब्रिटिश राजसत्तेचे असल्यामुळे ते देणार कोण, हा वाद दोन सरकारांनी आपसांत पत्रव्यवहाराने मिटवावा. त्यासाठी सांगलीच्या किंवा खेडच्या शेतकऱ्याला लंडनचा पत्ता धुंडाळावा लागू नये, आणि तो वाद मिटेपर्यंत भारत सरकारने आपल्या मोहोरेनिशी हक्काचा दाखला तरी द्यावा.

हे काम कोठून सुरू करावे, हा प्रश्नही अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना महाराष्ट्र शासन दरमहा अनुदान देते. हा माणूस त्या युद्धात होता, हे शासनाने तपासून आणि मान्य करूनच ते अनुदान मंजूर केलेले आहे. तेव्हा त्याच माणसाच्या बाबतीत दुसऱ्या सरकारी कचेरीने पुन्हा पुरावा मागण्याचे कारण उरत नाही. या याद्या प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आज तयार आहेत. त्या त्यांनी आपणहून त्या त्या रेकॉर्ड ऑफिसकडे रवाना कराव्यात, आणि त्यांतील ज्या विधवा अद्याप हयात आहेत, त्यांची नावे सर्वांत वर लिहावीत.