उतारशाळेच्या रक्षकाचे काय?

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही धर्मगुरू वर्षानुवर्षे प्रवचने देत आलो आहोत. दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन तो आपल्या वाटेने गेला. पुढचे दिवस जखमीच्या उशाशी कोण बसले, हे मात्र आम्ही क्वचितच विचारतो.

ब्राझीलचे शासन अशा उतारशाळा चालवते. तेथे १९९९ च्या कायद्याने आदिवासींसाठी वेगळी आरोग्यव्यवस्था आली. तिचे ३४ विभाग आहेत. अरण्यातून शहरातील इस्पितळात धाडलेला रुग्ण व सोबतचा आप्त यांच्यासाठी आधारगृहे आहेत. निवारा, जेवण, अहोरात्र परिचारिका. कागदावर सारे निर्दोष!

‘खाट दिली, औषध दिले, नियम सर्वांना सारखे, आणखी काय हवे?’ असे म्हणणाऱ्यांनी २०२० साल आठवावे. कोविडच्या साथीत बोआ व्हिस्टा शहरात यानोमामी जमातीची तान्ही बाळे दगावली आणि नियमानुसार परस्पर पुरली गेली. बाळे कोठे आहेत हे मातांना ठाऊक नव्हते. यानोमामी मृताला पुरत नाहीत. दहन करतात आणि त्याच्या अस्थींचे विधी आप्तजन श्रद्धेने करतात. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत सर्व कोविड-मृतांच्या दहनाचे परिपत्रक निघाले, तेव्हा आपण किती अस्वस्थ झालो! ते त्याच दिवशी बदलले गेले. यानोमामी मातांसाठी कोणता नियम बदलला? त्यांच्या भाषेत त्यांना दोन शब्द सांगणे हे शुश्रूषेत मोडत नाही काय? माझ्या मते ते औषधाइतकेच मोडते.

दोष एकट्या परिचारिकेच्या माथी मारणे सोपे आहे. बेकायदा सोन्याच्या खाणींनी यानोमामी प्रदेशात पारा आणि हिवताप नेला, लेकरे कुपोषणाने खंगली, आणि जानेवारी २०२३ मध्ये शासनाला आरोग्य-आणीबाणी पुकारावी लागली. त्या दिवसांत बोआ व्हिस्टाच्या एका आधारगृहात ७०० हून अधिक माणसे होती. बरे झालेलेही विमानाअभावी अडकलेले! अशा गर्दीत तापाचे मोजमाप घेणार कोण, आणि झोळीत निजणाऱ्या आजीला खाट का नको, हे ऐकणार कोण? आपल्या घरांतील ज्या मुली परिचारिका आहेत, त्यांना विचारून पाहा.

ब्राझीलच्या महागुरूंनी १९७२ मध्ये आदिवासींसाठी परिषद स्थापली. ती आजही या लोकांच्या जमिनीसाठी झगडते. आपण मात्र मिशन रविवारी थैलीत नोटा टाकून मोकळे होतो. त्या नोटांतून औषध येईल, नाव येईल. दुभाष्याचा पगार कोणाच्या यादीत आहे, हे यंदा तरी विचारावे.