पाऊस आमच्या शिवारात, नोंद मंडळाच्या गावी



कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू माणसाने महाड-पोलादपूरच्या पावसाशी काय देणेघेणे ठेवावे, असे कोणी विचारील. आम्हीही तसेच समजत होतो. मे महिन्यात भोरकडून वरंध घाट उतरलो आणि तो समज गळून पडला. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या त्या डोंगराच्या कुशीत, एका वाडीवर बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहत होत्या. आपल्याकडे ७०० मिलिमीटरात जे हाल, तेच तिथे तीन हजारांत! म्हणजे पाऊस किती पडला हा अर्धाच प्रश्न. तो कुठे पडला, कुठे मुरला, कुठे वाहून गेला आणि कोणाच्या वहीत नोंदला गेला, हा उरलेला अर्धा.

या नोंदीची किंमत वरंधच्या परिसराइतकी कोणी मोजली नसेल. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. सावित्री जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरात २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आकडा होता. पण खाली महाडात पुराचे पाणी, वीज गेलेली, मोबाईल बंद. वाडीपर्यंत मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, याच रायगड जिल्ह्यात खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नावच नव्हते. यादी कागदावर राहते. डोंगर ती वाचत नाही.

आता आपल्याकडे वळू. २०१७ पासून राज्यात महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, प्रत्येक महसूल मंडळात एक, अशी दोन हजारांवर. पूर्वी तालुक्याच्या एका मापकावर सारा कारभार चाले, त्या मानाने ही सुधारणाच, हे मान्य केले पाहिजे. पण हिशेब करा. राज्यात गावे चाळीस हजारांवर. म्हणजे सरासरी वीस गावांना एक यंत्र. आणि आपला वळीव कसा पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. बैलाचे एक शिंग भिजते, दुसरे कोरडे राहते! अतिवृष्टी धरायची तर मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. तुमच्या पऱ्हाटीत गुडघाभर पाणी, आणि आठ कोसांवरच्या यंत्रात ४० मिलिमीटर. कागद म्हणतो, तुमचे नुकसान झालेच नाही.

आम्ही एकदा एका कचेरीत जवळच्या केंद्राचा रोजचा आकडा मागायला गेलो. साहेब म्हणाले, तो वरून येतो. पाऊसही वरूनच येतो, पण तो निदान सर्वांना दिसतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये विंड्स नावाची योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचे ठरले आहे. यंत्राला आमचा विरोध नाही, उलट ते लवकर यावे. प्रश्न एवढाच, की त्याचा आकडा गावाला त्याच दिवशी दिसणार, की वर जाऊन महिन्याने निकाल होऊन खाली येणार?

काही जुनेजाणते म्हणतात, आमच्या बापजाद्यांनी टिटवीच्या अंड्यांवर आणि कावळ्याच्या घरट्यावर पेरण्या केल्या, आकडे काय करायचे? त्यांचा अनुभव खोटा नाही. पण दुबार पेरणीचे बियाणे टिटवी आणून देत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू कापूस टोबू नये, हा सल्ला कृषी खाते देते आणि तो बरोबर आहे. पण आपल्या शिवारात ७५ झाला की ३५, हे कळायचे कसे? मोजल्याशिवाय नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला मिळण्याजोगी साधारण १५० ते २०० मिलिमीटर ओल साठते. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर पोसायची असते. हा हिशेब ज्याच्याकडे आहे, तो हस्ताचा पाऊस हुकला तर किती क्षेत्र पेरायचे ते ठरवू शकतो.

अधिकारी म्हणतील, गावच्या हाती माप दिले तर गाव खोटे लिहील. भीती अगदीच निराधार नाही. पण उपायही आहे. आकडा रोज सकाळी साडेआठला घ्यायचा आणि तिथल्या तिथे चावडीच्या फळ्यावर लिहायचा. शेजारच्या चार गावांच्या फळ्यांशी आणि उपग्रहाच्या चित्राशी तो ताडून पाहता येतो. बंद खोलीतला आकडाच खोटा ठरवायला अवघड असतो.

हिवरेबाजारने हे करून दाखवले आहे. तिथे गाव पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे ते ठरवते. त्याला मोठी विद्या लागत नाही. सरळ उभ्या बाजूचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, आत पट्टी बुडवा. पाण्याची उंची तेवढाच पाऊस. विहिरीत दर पंधरवड्याला दोर सोडून पाणी किती खोल गेले ते लिहा. वही मात्र मोबाईलमध्येच नको, कागदावरही हवी. मनोरा बंद पडला तर काय होते, ते महाडने पाहिले आहे.

त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे, हे तेव्हा सांगावे लागले. आता पाण्याची नोंदही सर्वांची, हे सांगायची पाळी आपली आहे.

म्हणून जिल्हा मेळाव्यात ठराव मांडू या: गावागणिक पर्जन्यमापक, रोजचा आकडा त्याच दिवशी चावडीवर, आणि मंडळाच्या आकड्याला हरकत घेताना गावाची वही पुरावा म्हणून ग्राह्य. ठराव पास होईल तेव्हा होईल. डबा मात्र मृगाच्या आधी अंगणात ठेवा, आणि पुढच्या मेळाव्याला येताना वही घेऊन या.