लक्झरी सेडान घ्यायचीय? आधी गॅरेजचा रस्ता बघा



गेल्या महिन्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. फॅब्रिकेशनचं काम करतो, वय बत्तीस. पहिल्यांदाच मोठ्या कंपनीचं वर्षभराचं काम मिळालंय. म्हणाला, "सर, आता सेडान घ्यायचीय. साधी नाही, लक्झरी. तीन गाड्या बघून ठेवल्यात. एक पळायला भारी, एक दिसायला भारी, आणि तिसरी म्हणे कधी बंदच पडत नाही. कोणती घेऊ?"

मी त्याला उलट विचारलं, "गाडी बंद पडली, तर त्या दिवशी तुझं किती रुपयांचं नुकसान होईल?" तो गप्प बसला. आजचा विषय त्या गप्प बसण्याचा आहे.

आधीच सांगतो, "धंदा लहान असताना मोठी गाडी घेऊच नका" असं मी म्हणणार नाही. हा उपदेश बहुतेक वेळा स्वतः मोठ्या गाडीत बसलेला माणूस करतो. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात जवळपास दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. देशभर बातम्या झाल्या. आपल्या शहराकडे गुंतवणूकदारांचं लक्ष जावं, हा त्यामागचा हेतू त्यांनी उघडपणे सांगितला होता. एकगठ्ठा खरेदी म्हणून भावातही घासाघीस केली. म्हणजे तिथे दिसणं हेच काम होतं, आणि ते काम गाड्यांनी केलं.

पण त्यातल्या बहुतेकांचा धंदा आधी उभा होता. गाडी नंतर आली. आपल्यातले बरेच जण हा क्रम उलटा करतात. मीही केला होता.

माझी चूक

तेव्हा माझा शिरोलीला कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना होता. अकरा कामगार. दोन वर्षं बरी गेली आणि डोक्यात हवा गेली. सात वर्षं जुनी एक युरोपियन लक्झरी सेडान मिळाली. नवीन असताना जेवढी किंमत होती, त्याच्या चौथाईत. काळा रंग, आत क्रीम लेदर, दार लावलं की 'धप्प' असा जाड आवाज. त्या आवाजावरच मी गाडी घेतली, खोटं कशाला बोलू? दुसरं स्टिचिंग मशिन घ्यायला ठेवलेले पैसे त्यात गेले.

आठव्या महिन्यात चाकणला एका कंपनीत व्हेंडर ऑडिटची मीटिंग होती. सकाळी साडेपाचला कोल्हापूर सोडलं. खंबाटकी घाटात गिअरबॉक्सने मान टाकली. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, मग तीही हलेना. मी एसटीने पुढे गेलो आणि तीन तास उशिरा पोचलो. ऑडिटवाले साहेब निघून गेले होते. ते काम परत कधीच मिळालं नाही.

गाडी टोइंग करून पुण्याच्या वर्कशॉपमध्ये टाकली. गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट बाहेरून मागवावं लागलं. तेवीस दिवस लागले आणि बिल आलं २ लाख ८० हजार. तो दिवाळीचा महिना होता. कामगारांचा बोनस मी एक महिना उशिरा दिला. देताना आमचा सगळ्यात जुना माणूस एवढंच म्हणाला, "साहेब, गाडी झाली का नीट?" टोमणा नव्हता तो. खरंच काळजीने विचारलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

त्या तेवीस दिवसांत मला एक गोष्ट कळली, ती वहीत लिहून ठेवा. जुनी लक्झरी गाडी चौथाई किमतीत मिळते, पण तिचे स्पेअर पार्ट नव्या गाडीच्याच भावात मिळतात. गाडीची किंमत उतरते, बिलाची उतरत नाही.

पहिला नंबर भरवशाला

भरवसा म्हणजे "बंद पडत नाही" एवढंच नाही. मशिन म्हटलं की कधीतरी बिघडणारच. मी तीन प्रश्न विचारतो. किती वेळा बिघडते? बिघडली तर किती दिवसांत परत रस्त्यावर येते? आणि बिल किती येतं? यातला दुसरा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात मोठा, कारण आपल्याकडे दुसरी गाडी उभी नसते.

एक उदाहरण सांगतो, हे धंद्यालाही लागू पडतं. टोयोटाने १९८९ मध्ये अमेरिकेत लेक्सस हा नवा ब्रँड आणला. एलएस ४०० ही पहिली मोठी सेडान. जर्मन गाड्यांच्या बाजारात नवखा माणूस, दुकान उघडून जेमतेम तीन महिने झालेले. तेवढ्यात दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या, वायरिंगची आणि ब्रेक लाइट तापण्याची. कंपनीने विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या परत बोलावल्या. माणसं ग्राहकाच्या घरी गेली, गाडी नेली, दुरुस्त केली, परत आणून दिली. एक पैसा घेतला नाही. वीस दिवसांत सगळं काम संपवलं. ज्या प्रसंगाने ब्रँड बुडायचा, त्याच प्रसंगाने लोकांचा विश्वास बसला.

म्हणून शोरूममध्ये जायच्या आधी वर्कशॉपमध्ये जा. तुमच्या गावापासून कंपनीचं अधिकृत वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे ते बघा. सकाळी दहा वाजता तिथे उभे राहा आणि गाडी घ्यायला आलेल्या मालकांशी बोला. सेल्समन जे सांगत नाही, ते हा माणूस दोन मिनिटांत सांगतो. सर्व्हिस ॲडव्हायझरला पाच गोष्टींचे भाव लेखी विचारा: पुढचा बंपर, एक हेडलाइट, चार टायर, ब्रेक पॅड आणि डिस्क, सस्पेन्शनचा एक शॉकॲब्सॉर्बर. आजच्या एलईडी हेडलाइटचा भाव ऐकून मी लोकांना खुर्चीत बसताना पाहिलंय.

आणखी एक गैरसमज. "सर, मर्सिडीज तर आपल्या चाकणलाच बनते, मग पार्ट स्वस्त असतील." चाकणला गाडीची जोडणी होते हे खरं. पण म्हणून प्रत्येक पार्ट तिथेच बनतो असं नाही. बरेच भाग बाहेरून येतात, आणि बाहेरून यायला वेळ लागतो.

परफॉर्मन्स: आपल्या रस्त्याला लागेल तेवढाच

बीएमडब्ल्यू ३ सिरीज चालवायला मजा येते, यात वाद नाही. मागच्या चाकांना ताकद, पुढे-मागे वजन जवळपास सारखं वाटलेलं, म्हणून वळणावर गाडी हातात राहते. पेट्रोलचं मॉडेल काही सेकंदांत शंभर गाठतं. पण आपण शंभर कुठे गाठणार? मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर कारची मर्यादाच १०० आहे, घाटात त्याहून कमी. समृद्धीवर १२०. बाकी वेळ आपण सिन्नर फाट्यावर ट्रकच्या मागे किंवा एमआयडीसीच्या खड्ड्यांत असतो.

मग परफॉर्मन्सचा उपयोग नाही का? आहे. ६० वरून ९० वर जाताना ट्रकला पटकन मागे टाकता येणं, हा परफॉर्मन्स. घाट उतरताना ब्रेक तापून सैल न पडणं, हाही. चारशे किलोमीटर करून आल्यावर कंबर शाबूत असणं आणि मीटिंगला ताजं बसता येणं, हा तर सगळ्यात मोठा. ब्रोशरमधले सेकंद बघू नका. टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरू नका, तुमच्या रोजच्या रस्त्यावर न्या. चार माणसं बसवून गावातल्या स्पीडब्रेकरवरून काढा. पोट घासलं तर ती गाडी तुमची नाही.

दुसऱ्या टोकाला टोयोटा कॅमरी. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि हायब्रिड बॅटरी. नवीन मॉडेलचं प्रमाणित मायलेज लिटरला २५ किलोमीटरच्या पुढे आहे. रस्त्यावर त्यापेक्षा कमीच मिळेल, पण एवढ्या मोठ्या सेडानसाठी तेही भरपूर. चालवताना छातीत धडधड होत नाही, कबूल. महिन्याला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या उद्योजकाला धडधड नकोच असते.

दिसणं: कोण बघणार आहे?

स्टायलिंग म्हणजे दिखावा, असं मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, तुमची गाडी बघतं कोण? इंटिरियर डिझाइनर असाल, महागड्या फ्लॅटचं काम करत असाल, लग्नाचं इव्हेंट मॅनेजमेंट असेल, तर ग्राहक तुमची आवडनिवड विकत घेतोय. तिथे गाडीचं दिसणं पोर्टफोलिओचाच भाग आहे.

पण तुम्ही कंपन्यांना माल पुरवता का? मग पर्चेस मॅनेजर खिडकीतून तुमची गाडी बघतो आणि मनात म्हणतो, "याच्या रेटमध्ये अजून जागा दिसतेय." पुढच्या वाटाघाटीत तो तीन टक्के मागतो. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. अशा धंद्यात शांत दिसणारी, स्वच्छ ठेवलेली गाडी जास्त कमावून देते.

आणि दिसणं लवकर जुनं होतं. मॉडेल बदललं की तुमची गाडी एका रात्रीत 'जुना शेप' होते. हप्ते मात्र तेच राहतात.

आता वही काढा

५० लाखांची गाडी, १० लाख भरले, ४० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता साधारण ८३ हजार. तुमच्या धंद्यात निव्वळ नफा १० टक्के असेल, तर फक्त हप्त्यासाठी दर महिन्याला ८ लाख ३० हजारांची जादा विक्री हवी. विमा, टायर, ड्रायव्हर वेगळे.

"पण सर, टॅक्स वाचतो ना!" वाचतो, पण किती ते बघा. मोटार कारवर घसारा १५ टक्के. ५० लाखांवर पहिल्या वर्षी साडेसात लाख. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर कर वाचला साधारण सव्वादोन लाख. आणि आपण गाडी घेतो कधी? दिवाळीच्या पाडव्याला. त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर घसारा निम्माच मिळतो. व्याजही खर्चात टाकता येतं, पण घरच्या वापराचा हिस्सा वजा करावा लागतो. सव्वादोन लाख वाचवायला ५० लाख खर्च करणं, हे टॅक्स प्लॅनिंग नव्हे.

जीएसटीचंही ऐकून ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. ५० लाखांच्या एक्स-शोरूम किमतीत १४ लाखांहून जास्त रक्कम ही जीएसटीची. टॅक्सी किंवा ड्रायव्हिंग स्कूलसारखा धंदा नसेल, तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची की कंपनीच्या, हेही आधी सीएला विचारा, कारण कंपनीच्या नावावर महाराष्ट्रात रोड टॅक्स जास्त बसतो.

माझं मत

माझा क्रम ठरलेला आहे. आधी भरवसा, मग रस्त्याला लागेल तेवढा परफॉर्मन्स, शेवटी दिसणं. तुमचा ग्राहक खरोखर दिसण्यावर पैसे देत असेल, तरच शेवटचे दोन अदलाबदल करा. भरवसा मात्र पहिल्या नंबरवरून हलवू नका. आणि एक अट: तीन महिन्यांचे पगार आणि कच्च्या मालाचे पैसे बँकेत बाजूला पडलेले असतील, तरच डाउन पेमेंट भरा.

नाशिकच्या त्या मुलाने आठ दिवसांनी परत फोन केला. वर्कशॉपमध्ये जाऊन आला होता. म्हणाला, "सर, मी हिशेब केला. गाडी एक दिवस बंद म्हणजे माझे चाळीस हजार. दिसायला भारी असलेली गाडी यादीतून काढली. आणि तिसरी गाडीसुद्धा एक वर्षानंतर घेतो. आधी वेल्डिंगचं दुसरं मशिन घेतो."

मी फक्त "बरं" म्हणालो. माझं स्टिचिंग मशिन आठवलं.

तुमची गाडी एक दिवस बंद राहिली तर तुमचं किती नुकसान होतं? हा आकडा आज रात्री वहीत लिहा. शोरूममध्ये जाताना ती वही बरोबर ठेवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, गाडी येईलच!