दंड घ्या, पण आधी सांगा

पुण्यात वाहतूक पोलिसांविषयी दोन मतं फार तावातावाने मांडली जातात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा एकच माणूस ती दोन्ही मांडत असतो. स्वतःच्या मोबाइलवर चलान आलं की ‘ही काय वसुली लावलीय?’ आणि समोरून कुणी उलट्या दिशेने अंगावर आलं की ‘यांना सणसणीत दंड ठोकला पाहिजे’. आपली चूक ती सवय आणि दुसऱ्याची चूक तो गुन्हा, हा हिशेब शहराने पक्का करून टाकलेला आहे. यात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. येरवड्यातल्या ज्या कचेरीतून शहराची वाहतूक हाकली जाते, त्या वाहतूक शाखेकडून गाडी चालवणाऱ्याला मिळायला हवं ते नेमकं काय?

माझ्या मते दोनच गोष्टी. नियम आधी नीट सांगणं आणि दंड केल्यावर माणसाचं म्हणणं ऐकून घेणं. मधला दंड खुशाल घ्यावा, आणि पुरता घ्यावा.

आधी ‘वसुली’वाल्यांकडे वळू. ई-चलानची रक्कम राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. धूर खात चौकात उभ्या असलेल्या हवालदाराच्या खिशात त्यातला छदामही पडत नाही. उलट ‘साहेब, काहीतरी करून मिटवा ना’ म्हणत लायसन्सच्या घडीतून नोट सरकवायची रीत कुणी पाडली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. यंत्रात नंबर आणि फोटो गेला की ती बोलणी करायला जागा उरत नाही. चिरीमिरी संपली असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण ई-चलानने तिची वाट अरुंद केली हे कबूल करायला हरकत नसावी.

शिवाय ‘मला कळवलंच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा आरटीओतला मोबाइल नंबर दोन सिमकार्डांपूर्वीचा असतो. संदेश जातो, पण भलत्याच्याच खिशात. आणखी काही जणांनी दुचाकी विकलेली असते, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून कागद एजंटाच्या हवाली केलेले असतात, आणि पुढे गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली की नाही हे पाहिलेलंच नसतं. मग हडपसरच्या सिग्नलवर भलताच माणूस लाल दिवा तोडतो आणि चलान येतं कोथरूडच्या काकांना. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. काकांनी ते केलं असतं तर पोलिसांवर तोंडसुख घ्यायची वेळ आली नसती.

आता दुसरा पक्ष. तो जास्त धोकादायक, कारण तो शहाणा वाटतो. ‘लोकांना शिस्त नाही. नियम मोडणाऱ्याची कसली सेवा करायची? दंड हीच सेवा.’ निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य विशेष शोभतं. पण कायदा असं म्हणत नाही. चलान म्हणजे आरोप, शिक्षा नव्हे. कलम २०० नुसार आपण भरतो ते तडजोड शुल्क. मला वाद घालायचा नाही, मी इथेच मिटवतो, असा त्याचा अर्थ. ज्याला आरोप मान्य नाही, त्याला न्यायालयाची वाट मोकळी आहे. पण ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते? पैसे भरायची सोय बोटाच्या टोकावर आणि हरकत घ्यायची वाट शोधावी लागते, तिथे बहुतेक जण निमूटपणे भरतात किंवा निमूटपणे भरत नाहीत.

कायद्याने शिस्त फक्त आपल्यालाच लावली आहे असंही नाही. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७ए हा नियम आला. कॅमेऱ्याच्या अलीकडे ठळक इशाराफलक हवा, यंत्र बिनचूक चालतं असं प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घेतलेलं हवं आणि नोटीस पंधरा दिवसांत निघाली पाहिजे, असं त्यात बजावलं होतं. या नियमासाठी निवडलेल्या देशभरातल्या १३२ शहरांत महाराष्ट्रातली १९ आहेत आणि पुणे त्यात आहे. याहून मजेदार कलम २१०बी. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट. बिनहेल्मेटचा शिपाई दिसला की हे कलम आठवावं. मोठ्याने म्हणावं की नाही हे ज्याच्या त्याच्या छातीवर अवलंबून.

लक्ष्मी रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत एकदा शांतपणे उभं राहून पाहा. पी-१, पी-२ च्या पाट्या असतात : एका बाजूला सम तारखेला गाडी लावायची, दुसऱ्या बाजूला विषम तारखेला. पेठेत वाढलेल्या माणसाला हे पाढ्यांसारखं पाठ असतं. लग्नाचा बस्ता बांधायला साताऱ्याहून आलेल्या माणसाला नसतं. तो गाड्यांच्या रांगेत जागा पाहून आपली स्कूटर घुसवतो. पाटी खांबावर असते, पण खांबाच्या पुढ्यात कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. तासाभराने दोन्ही हातांत साड्यांच्या पिशव्या घेऊन तो बाहेर येतो, तर गाडीच्या जागी मोकळा डांबरी तुकडा. चोरी झाली म्हणून त्याचा घसा कोरडा पडतो. मग शेजारचा दुकानदार मान वर न करता सांगतो, ‘उचलली.’ कुठे नेली? ‘चौकीत विचारा.’ कोणत्या चौकीत? यापुढचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, रस्त्यावरही कुठे लिहिलेलं नसतं. माणूस रिक्षात बसून स्वतःची स्कूटर शोधत फिरतो. त्याला दंड झाला याबद्दल माझी तक्रार नाही. गाडी चुकीच्या बाजूला होती, दंड रास्त आहे. पण पाटी दिसेल अशी लावणं आणि उचललेली गाडी कुठे नेतो हे त्याच खांबावर लिहिणं, याला किती खर्च येतो? शिस्त लावण्याच्या आड यातलं काय येतं?

‘आता सगळं मोबाइलवर आहे’ हा तिसरा युक्तिवाद. डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं, गाडीचे कागद चालतात, ही खरोखरच मोठी सोय झाली. डिकीतल्या भिजक्या झेरॉक्सपासून सुटका झाली. पण त्याच मोबाइलवर चलानच्या नावाने बनावट एपीके फाइल येते, घाबरलेला माणूस ती उघडतो आणि बँकेतलं खातं रिकामं होतं. ही फसवणूक इतकी सहज का जमते? खरं चलान दिसतं कसं, हे लोकांना कुणी धड शिकवलेलं नाही म्हणून. जी कचेरी बोलत नाही, तिच्या नावाने भामटे बोलतात.

आणि चौथा, सगळ्यांचा लाडका युक्तिवाद : ‘भरायची घाई कशाला? लोकअदालतीत अर्ध्यात मिटतं.’ लोकअदालतीबद्दल मला आदर आहे. १९८७ च्या कायद्याने तिच्या निवाड्यावर अपीलच ठेवलेलं नाही, इतकं त्याचं वजन. थकलेल्या चलानांचे ढीग उपसायला तिची मदत घेतली, इथवरही ठीक. पण दरवेळी सवलत मिळणार असं लोकांनी गृहीत धरलं की ज्याने चलान आल्या दिवशी पूर्ण रक्कम भरली तो मूर्ख ठरतो आणि ज्याने वर्षभर ढीग साठवला तो हुशार. यापेक्षा वाईट म्हणजे ज्याचं चलान मुळातच चुकीचं होतं, त्याचीही बोळवण त्याच सवलतीत होते. बनावट नंबरप्लेट लावून कुणीतरी नागपुरात गाडी उडवली, पुण्यातल्या मूळ मालकाने सिद्ध करून दाखवलं की माझी गाडी त्या दिवशी सोसायटीतच होती, तर त्याला अर्ध्या रकमेची मेहेरबानी नको असते. त्याला ‘तुमचं बरोबर, चलान रद्द’ एवढं लेखी हवं असतं. न्याय मागणाऱ्याच्या हातात डिस्काउंट ठेवणं हा त्याचा अपमान आहे.

मग ही शाखा सांगू शकत नाही का? शकते, आणि फार उत्तम शकते. गणेशोत्सव आठवा. लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ते कधी बंद, कुठून वळायचं, गाड्या लावायच्या कुठे, हे सगळं आधी पेपरात येतं, नकाशे फिरतात, चौकात उभा पोलीस परगावच्या माणसाला हाताने दिशा दाखवतो. पालख्या शहरात मुक्कामी येतात तेव्हाही हेच. लाखो माणसं रस्त्यावर आणि तरीही शहर फिरत राहतं. त्या दिवसांत पुणेकर कमालीचा शहाणा होतो, याचं कारण त्याला आधी सांगितलेलं असतं. अनंत चतुर्दशी सरली की ही वाचा जाते कुठे?

एरवीसुद्धा सांगण्याची यंत्रणा कागदावर आहेच. एखादा रस्ता एकेरी करायचा, कुठे पार्किंग बंद करायचं, तर कलम ११५ आणि ११६ खाली आदेश निघतो, तोही पुष्कळदा प्रायोगिक तत्त्वावर, नागरिकांच्या सूचना-हरकती मागवून. उत्तम रीत आहे. फक्त हरकत द्यायला जो येरवड्यापर्यंत जातो, तो त्या रस्त्यावरचा वाणी, दवाखान्यात येणारा पेशंट, शाळेची व्हॅन चालवणारा, यांच्यापैकी कुणीच नसतो. तोच आदेश सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, त्याच रस्त्याच्या दोन्ही तोंडांना आठवडाभर लावा. हरकत तिथल्याच वाहतूक विभागात घ्या. आलेल्या हरकतींपैकी कोणत्या मानल्या आणि कोणत्या का फेटाळल्या, हेही त्याच खांबावर लावा.

ऐकण्याचंही तसंच. प्रत्येक वाहतूक विभागात ठरलेल्या दिवशी एक टेबल, एक अधिकारी, समोर चलानचा फोटो. आलेल्या माणसाचं ऐकायचं आणि कारण लिहून निकाल द्यायचा. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, पण ‘चलान योग्य आहे’ एवढ्या तीन शब्दांत कुणाचंही समाधान होत नाही. हरलेल्या माणसालाही आपण का हरलो हे कळायला हवं.

याच टेबलावर आणखी एक वही ठेवावी. सिग्नल बंद असेल तर महापालिका, लायसन्सचं काम असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, चलान असेल तर वाहतूक शाखा. या वाटणीशी सामान्य माणसाला काय देणंघेणं? खड्डा, पुसलेला झेब्रा, झाडाआड गेलेला सिग्नल, जे काही त्याने सांगितलं ते वहीत लिहावं आणि कुणाकडे पाठवायचं हे शाखेने पाहावं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ए आणलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसल्याने जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. चालकावर लागणारी कलमं आपल्याला तोंडपाठ झाली आहेत. हे कलम कागदावरून रस्त्यावर आणायचं तर आधी कुणीतरी नोंद करायला हवी, आणि चौकात दिवसभर उभा असणाऱ्याइतकं ते कुणाला जमेल?

हे सगळं दिल्यावरही पुणेकर कुरकुरणार, याची मला खात्री आहे. हेल्मेटचं कलम १२९ हे १९८८ च्या कायद्यातलं. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी ते राबवायचं ठरवलं तर ते जणू आदल्या रात्री लादलं गेलं अशा थाटात इथे कृती समिती रस्त्यावर उतरली. अशांची समजूत कोणतंच टेबल काढू शकणार नाही. त्यांच्याकडून पूर्ण दंड घ्या, एक रुपया सोडू नका.

पण त्यासाठी आधी लोकअदालतीतली दंडकपात बंद करा आणि विभागाविभागांत सुनावणीचं टेबल मांडा. दोन्ही एकाच दिवशी. नुसती कपात बंद केली तर ती जुलूमशाही ठरेल, आणि कपात ठेवून टेबल मांडलं तर त्या टेबलापुढे कुणी बसणार नाही.