‘अ‍ॅजिटेट’ म्हणजे नुसता मोर्चा नव्हे

मागच्या पावसाळ्यात आमच्या कॅम्प ४ मधील एक भगिनी मुलाला घेऊन घरी आल्या. त्यांचे पती अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात कामाला होते, नोकरीत असतानाच वारले. ग्रॅच्युइटीसाठी अर्ज केला तेव्हा इंग्रजीत उत्तर आले. मुलगा बारावी शिकलेला. त्याने पत्रात ‘अ‍ॅजिटेट’ शब्द पाहिला आणि आईला म्हणाला, “आई, आपण आंदोलन केलं असं लिहिलंय. गप्प बसलेलं बरं.” पत्र आठ महिने पेटीत पडून राहिले.

आम्ही ते वाचले. मजकूर एवढाच होता, की आपला दावा आपण सक्षम अधिकाऱ्यापुढे ‘अ‍ॅजिटेट’ करू शकता. कोर्टकचेरीच्या इंग्रजीत याचा अर्थ मुद्दा उपस्थित करणे, दाद मागणे. ज्या शब्दाला माउली भ्यायली, तोच शब्द तिला दार दाखवत होता!

वाचकहो, हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरवर काम केलेल्या कोणालाही विचारा. आतला माल सतत ढवळणारे जे यंत्र, त्याला ‘अ‍ॅजिटेटर’च म्हणतात. ते बंद पडले की माल तळाशी बसतो, कधी उष्णता एका जागी साठून अपघातही होतो.

मूळ शब्द लॅटिन. ‘अगेरे’ म्हणजे हाकणे, करणे. त्यापासून ‘अगितारे’ म्हणजे पुन्हा पुन्हा हलवणे, स्वस्थ न बसू देणे. एजंट, अ‍ॅक्शन, अजेंडा ही त्याच घरातली भावंडे. विचार करणे या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘कॉजिटेट’ हाही याच मुळाचा, म्हणजे मनातल्या मनात ढवळणे! आपल्या ‘आंदोलना’चेही तसेच आहे. शाळेत लंबकाची आंदोलने शिकलो ती आठवा. मूळ अर्थ झोका, हेलकावा.

वापर लक्षात ठेवा. हक्कासाठी चळवळ करायची तर ‘अ‍ॅजिटेट फॉर’, अन्यायाविरुद्ध असेल तर ‘अ‍ॅजिटेट अगेन्स्ट’. दवाखान्याच्या कागदावर रोगी ‘अ‍ॅजिटेटेड’ असे लिहिले तर तो अस्वस्थ आहे एवढेच. त्याने कोणाशी भांडण केले असे नव्हे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत, जेथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, बाबासाहेबांनी तीन क्रियापदे दिली: एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाईज. इंग्लंडच्या समाजवादी मंडळींत ही त्रयी १८८० च्या दशकापासून चालत होती. आपण मराठीत ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ म्हणतो. मधला शब्द शेवटी गेला आणि त्याचा संघर्ष झाला. घोषणेला ठेका आला, आम्हीही मोर्चात तीच देतो. पण इंग्रजी क्रमात ढवळणे आधी आहे. शिकलेल्याचे मन आधी हलते, मग माणसे एकत्र येतात.

महाडचे पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्याची सोय नाही. १९ मार्च १९२७ रोजी परिषद भरली, भाषणे झाली, माणसे आतून हलली आणि दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर चालत गेली. हक्काचा कागद तीन वर्षे तसाच पडून होता, या भगिनीच्या पेटीतल्या पत्रासारखा.

त्यांची मुदत टळली होती. पण सबळ कारण असेल तर अधिकाऱ्याला उशीर माफ करता येतो. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे, असे मुलाने विचारले. आम्ही म्हटले, खरे तेच लिही. त्याने लिहिले: पत्र इंग्रजीत होते, एका शब्दाचा अर्थ उलटा लागला, त्यामुळे घाबरलो. अर्ज त्याच्याच अक्षरात गेला आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे, आम्ही सोबत जाणार आहोत.

कोणाच्या पेटीत असे पत्र असेल तर रविवारी सकाळी विहारात घेऊन यावे. पाकीट फेकू नये, त्यावरच्या शिक्क्याची तारीख कामाला येते.